ड्रेसडेनचा बालराजा

आपलें नांव मागें उरावें अशी राजेलोकांस मोठी हांव असते, आणि त्यासाठीं ते बहुधा कठीण पदार्थांचा आश्रय करतात. कोणी शिलालेख कोरवितो, कोणी ताम्रपट देतो, कोणी घोड्यावर बसलेला आपला धातूचा पुतळा भर चौकांत उभा करवितो. दगड आणि धातु टिकाऊ, तेव्हां त्यांच्यावर सोंपविलेली कीर्तिही टिकाऊ, असा हा सरळ हिशेब आहे. युरोपच्या प्रवासांत आम्हांस या हिशेबाला बाध आणणारें एक चित्र पाहावयास मिळालें. तें एका राजाचें आहे, आणि फुंकर घातली असतां उडून जाईल अशा रंगीत भुकटीनें तें काढलेलें आहे. त्या चित्राची, तें ज्या नगरांत आहे त्या नगराची, आणि त्याच राजाच्या दुसऱ्या दोन प्रतिमांची हकीकत वाचकांस सांगावी, एवढ्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

जर्मनीच्या पूर्व भागांत सॅक्सनी नांवाचा प्रांत आहे. ड्रेसडेन ही त्याची राजधानी. एल्ब नदी शहराच्या मधून वाहते, आणि जुनें नगर तिच्या डाव्या तीरावर वसलें आहे. पलीकडच्या तीरावरून पुलावर आलें म्हणजे घुमट, मनोरे आणि वालुकाश्माचे प्रासाद एका ओळींत समोर दिसूं लागतात. या वालुकाश्माचा मूळ रंग फिकट पिंवळा. परंतु हवापाण्यानें तो कालांतरानें काळा पडतो. एकाच भिंतींत कांहीं चिरे काळे व कांहीं पिंवळे दिसले, तर काळे ते जुने आणि पिंवळे ते अलीकडे बसविलेले, असें समजावें. एवढें गमक लक्षांत ठेवलें म्हणजे या नगरावर काय गुदरलें तें सांगावयास वाटाड्या लागत नाहीं. भिंतीच तें सांगतात.

जुन्या नगरांत त्स्विंगर नांवाचा प्रशस्त चौक आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं दरबारी समारंभांसाठीं तो बांधण्यांत आला. त्याची एक बाजू पुढें शंभरांहून अधिक वर्षें मोकळीच होती. गॉटफ्रीड झेंपर या स्थापत्यविशारदाच्या आराखड्याप्रमाणें तेथें चित्रशाळा उभारण्यांत आली, आणि १८५५ सालीं ती लोकांस खुली झाली. येथें येणारा प्रवासी प्रथम राफाएलच्या जगप्रसिद्ध मॅडोनाकडे धांव घेतो. सॅक्सनीचा इलेक्टर तिसरा ऑगस्टस यानें तें चित्र १७५४ सालीं इटलींतून विकत आणलें. आम्हीही प्रथम तेथेंच गेलों, व डोळे भरून दर्शन घेतलें. परंतु या लेखाचा विषय असलेलें चित्र मंद प्रकाशाच्या एका दालनांत आहे, आणि तेथें गर्दी नसते.

चित्र लहान आहे. उंची सुमारें अर्धा मीटर, रुंदी त्याहून कमी. त्यांतला मुलगा दहा वर्षांचा आहे. कुरळे केंस खांद्यांवर उतरले आहेत. गळ्याशीं पांढऱ्या लेसची झालर आहे. अंगरखा उंची आहे, आणि छातीवरून निळा पट्टा आडवा गेला आहे. हा निळा पट्टा फ्रान्समधील अत्युच्च मानकऱ्यांचें चिन्ह होय. एवढा सरंजाम अंगावर असूनही पाहणाराची दृष्टि त्यावर ठरत नाहीं. ती मुलाच्या गालांवर आणि डोळ्यांवर जाते. गाल अजून बाळसेदार आहेत. डोळे मोठे व काळेभोर असून ते सरळ आपल्याकडे पाहतात. आमच्या कुटुंबानें बराच वेळ तें चित्र न्याहाळलें आणि हळूच विचारलें, “या पोराला आई नसावी का हो?”

खरोखरच नव्हती. हा मुलगा म्हणजे फ्रान्सचा राजा पंधरावा लुई. त्याचा जन्म १७१० सालचा. तो दोन वर्षांचा असतांना राजवाड्यांत गोंवराची सांथ शिरली आणि अवघ्या कांहीं आठवड्यांत त्याची आई, त्याचा बाप आणि थोरला भाऊ हीं तिघेंही गेलीं. थोरल्या भावावर त्या काळच्या राजवैद्यांनीं रक्त काढण्याचा उपचार केला होता. धाकट्यावर तो होऊं नये म्हणून मादाम द व्हांतादूर या त्याच्या पालनकर्त्या बाईनें त्याला वैद्यांच्या हातीं लागूंच दिलें नाहीं, आणि म्हणून तो वांचला. मूल तिलाच आई म्हणूं लागलें. पुढें १ सप्टेंबर १७१५ रोजीं त्याचा पणजा चौदावा लुई मरण पावला आणि पांच वर्षांचें हें पोर त्या बलाढ्य राज्याच्या गादीवर बसलें. कारभार चुलत घराण्यांतील ऑर्लेआँच्या ड्यूककडे होता. सातव्या वर्षीं रिवाजाप्रमाणें मुलाला त्या मानलेल्या आईपासून काढून पुरुष शिक्षकांच्या स्वाधीन करण्यांत आलें. तेव्हां तो फार रडला, असें सांगतात.

ज्या बाईनें हें चित्र काढलें तिचें नांव रोझाल्बा कारिएरा. ती व्हेनिसची राहणारी, जन्म १६७३. बाप कारकुनी पेशाचा, घरची स्थिति बेताची. तपकिरीच्या डब्यांच्या झांकणांसाठीं हस्तिदंतावर बारीक चित्रें काढण्यापासून तिच्या कलेचा आरंभ झाला. पुढें तिनें रंगखडूंचा अभ्यास केला आणि त्यांत असें प्रावीण्य मिळविलें, कीं व्हेनिसला येणारे राजपुत्र व सरदार तिच्याकडून आपलें चित्र काढवून घेतल्यावांचून परत जात ना. सॅक्सनीचा जो राजपुत्र पुढें तिसरा ऑगस्टस झाला, तोही तरुणपणीं व्हेनिसच्या मुक्कामांत तिच्यापुढें बसला होता. त्यास तिच्या कलेचा असा छंद जडला, कीं तिचीं चित्रें तो संग्रहीं आणीतच गेला. ड्रेसडेनला एके काळीं तिचीं दीडशेंहून अधिक चित्रें होतीं.

१७२० च्या वसंतांत रोझाल्बा पॅरिसला आली. आपल्या इकडे त्याच वसंतांत थोरल्या बाजीरावांना शाहू महाराजांकडून पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं, हें सांगितलें म्हणजे काळाची कल्पना येईल. क्रोझा नांवाच्या धनाढ्य व रसिक गृहस्थाकडे ती उतरली होती. आई आणि बहीण बरोबर होत्या. तेथें तिला बालराजाचें चित्र काढण्याची आज्ञा झाली. या मुक्कामाची रोजनिशी तिनें ठेवली आहे, आणि तींत राजाच्या बैठकीविषयीं एक लहानशी नोंद आहे. ती अशी, कीं राजावर त्या सुमारास तीन छोटीं संकटें आलीं: त्याची बंदूक पडली, त्याचा पोपट मेला आणि त्याचें कुत्र्याचें पिलूं आजारी झालें. मोठमोठ्या इतिहासग्रंथांत त्या वर्षाच्या पॅरिसविषयीं सरकारी बँकेचें दिवाळें, कागदी नोटांची घसरण आणि लोकांचा आक्रोश यांचीं वर्णनें असतात. या बाईनें मात्र समोर बसलेल्या मुलाचें दुःख टिपून ठेवलें. तीच दृष्टि चित्रांत उतरली आहे, असें आम्हांस वाटतें. निळा पट्टा तिनें राजाला दिला. गाल आणि डोळे मुलाचे ठेवले.

आतां या कलेचें थोडें वर्णन करणें अवश्य आहे, कारण तिच्याखेरीज पुढील गोष्टीचें मर्म ध्यानांत येणार नाहीं. या कलेस युरोपांत पेस्टल म्हणतात. रंगाची पूड बारीक वांटावयाची, तींत पांढरी खडू किंवा तत्सम माती मिसळावयाची, आणि ती जेमतेम धरून राहील एवढेंच डिंकाचें पाणी घालून तिच्या कांड्या वळावयाच्या. कांडी वाळली म्हणजे तिनें खरखरीत कागदावर रंग घांसावयाचा आणि बोटानें पसरावयाचा. तेलरंगांत तेल सुकून रंगाला घट्ट धरतें. येथें धरणारें कांहींच नाहीं. कागदाच्या तंतूंमध्यें भुकटीचे कण नुसते अडकून बसलेले असतात. वरून तेल अथवा रोगण नसल्यामुळें प्रकाश त्या कणाकणांवरून पसरतो, आणि म्हणून पेस्टलमध्यें काढलेली त्वचा पिकल्या फळावरील लवेसारखी मऊ दिसते. शिवाय रंग वाळण्याची वाट पाहावी लागत नाहीं. त्यामुळें चुळबुळ करणारें मूल किंवा कामांत गढलेला राजा यांस फार वेळ बसवून ठेवण्याचें कारण पडत नाहीं. अठराव्या शतकांतील दरबारांत ही कला लोकप्रिय झाली ती यामुळेंच.

गुणांबरोबर दोषही आलाच. हात लागला कीं रंग पुसतो, धक्का बसला कीं झडतो, दमट हवेनें बुरशी धरते, उजेडानें कागद पिंवळा पडतो व कांहीं रंग उडतात. आपल्या संस्कृत नाटकांत या भयाचें फार सुंदर चित्रण आहे. शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत दुष्यंत शकुंतलेचें चित्र काढतो व तें पुरें करण्यासाठीं चतुरिकेला वर्तिका आणावयास पाठवितो. त्या चित्राच्या रेषांच्या कडांवर घामेजलेल्या बोटांचे डाग पडले आहेत आणि गालावर आसूं गळून तेथला रंग फुगला आहे, असें कालिदासानें दाखविलें आहे. ड्रेसडेनला त्या दालनांत उभे असतां आम्हांस या स्थळाची आठवण झाली. चित्राचा नाश करावयास शत्रूच लागतो असें नाहीं. प्रेमानें लावलेलें बोटही पुरें होतें. म्हणूनच या चित्रांवर कांच असते आणि दालनांत प्रकाश मंद ठेवितात. अशा चित्रांस सुमारें पन्नास लक्सहून अधिक उजेड देऊं नये, असा संग्रहालयांचा सर्वसाधारण संकेत आहे.

बालराजाचें चित्र पाहिल्यावर तो पुढें कसा झाला हें पाहण्याची उत्कंठा उत्पन्न होते. तिची तृप्ति पॅरिसमध्यें होते. ड्रेसडेनहून आम्ही फ्रँकफुर्टवरून रेल्वेनें पॅरिसला आलों आणि लूव्र संग्रहालयांत या राजाचें दुसरें पेस्टल पाहिलें. तें मॉरिस कांतँ द ला तूर या चित्रकाराचें असून १७४८ सालचें आहे. राजा तेव्हां अडतीस वर्षांचा होता. अंगांत चिलखत आहे, त्यावर तोच निळा पट्टा आहे. भुकटीनें पोलादाची चकाकी दाखविणें हें अवघड काम ला तूरनें असें साधलें आहे, कीं जवळ जाऊन पाहिल्यावांचून विश्वास बसत नाहीं. चेहरा देखणा व रुबाबदार आहे. डोळे तेच काळेभोर आहेत. पण ते आपल्याकडे पाहत असले तरी आंत कोणास येऊं देत नाहींत. दहा वर्षांच्या मुलास मन झांकतां येत नव्हतें; अडतिसाव्या वर्षीं ती विद्या पूर्ण झाली होती.

त्या दोन चित्रांच्या मधल्या काळांत पुष्कळ घडलें होतें. १७४४ सालीं राजा मरणोन्मुख आजारी पडला तेव्हां सारें राष्ट्र देवळांत प्रार्थनेस लोटलें आणि तो बरा झाल्यावर प्रजेनें त्यास ‘लाडका’ ही पदवी दिली. १७४७ सालीं तिसऱ्या ऑगस्टसची मुलगी मारिया जोसेफा राजाच्या मुलास दिली. म्हणजे ड्रेसडेनच्या भिंतीवरचा तो बालराजा ड्रेसडेनच्या राजकन्येचा सासरा झाला. १७४८ सालीं मोठें युद्ध संपून तह झाला. त्या तहांत राजानें जिंकलेला मुलूख बहुतेक सोडून दिला. आमच्या वाचकांस त्यांतील एक कलम जवळचें वाटेल: फ्रेंचांनीं १७४६ मध्यें घेतलेलें मद्रास या तहानें इंग्रजांस परत मिळालें. ‘लाडक्या’ राजावरचें प्रजेचें प्रेम तेथून ओसरूं लागलें. ला तूर हा मोठा फटकळ होता. एकदां त्यानें राजाला तोंडावर सांगितलें कीं आपल्यापाशीं आरमार उरलेलें नाहीं. तेव्हां राजानें, व्हेर्ने आहे ना, असें म्हणून तें हंसण्यावारी नेलें, अशी आख्यायिका आहे. व्हेर्ने हा समुद्राचीं व जहाजांचीं चित्रें काढणारा चित्रकार. पुढें १७६१ मध्यें पाँडिचेरी पडली आणि १७६३ च्या तहानें कॅनडा गेला. त्या विनोदाची किंमत अशी चुकती झाली.

ज्या वर्षीं ला तूरनें हें चित्र लोकांपुढें मांडलें त्याच १७४८ सालीं पॅरिस नगरानें राजाचा अश्वारूढ धातूचा पुतळा करविण्याचें ठरविलें. बूशार्दों या थोर शिल्पकारानें आयुष्याचीं उरलेलीं वर्षें त्यांत घालविलीं. १७६३ सालीं तो एका विस्तीर्ण चौकांत मोठ्या थाटानें उभा करण्यांत आला, आणि चौकाला राजाचेंच नांव दिलें. अकरा वर्षांनीं, १० मे १७७४ रोजीं, राजा देवीच्या रोगानें वारला. पुरंदर किल्ल्यावर त्याच महिन्यांत चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांना पेशवाईचीं वस्त्रें देण्यांत आलीं. इकडे एक पोर गादीवर बसलें, तिकडे पोरपणीं गादीवर बसलेला म्हातारा तिजवरून उतरला. त्याचें शव रात्रीं घाईघाईनें सँ-दनीच्या राजस्मशानाकडे नेलें, तेव्हां वाटेंत लोकांनीं टवाळी केली.

ऑगस्ट १७९२ मध्यें क्रांतिकारकांनीं तो पुतळा दोर लावून खालीं ओढला. रिकाम्या चौथऱ्याजवळच पुढल्या जानेवारींत राजाच्या नातवाचा, म्हणजे सोळाव्या लुईचा, शिरच्छेद झाला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत सँ-दनी येथील राजांचीं थडगीं उकरून सर्वांचे देह खड्ड्यांत टाकण्यांत आले; त्यांत पंधरावा लुईही होता. आज त्या चौकाचें नांव प्लास द ला काँकॉर्ड, म्हणजे सलोख्याचा चौक, असें आहे. आणि त्याच्या मध्यभागीं १८३६ सालीं उभारलेला इजिप्तमधील पाषाणस्तंभ आहे. त्या प्रचंड पुतळ्याचा एक उजवा हात तेवढा उरला असून तो लूव्रमध्यें ठेवला आहे. ज्या संग्रहालयांत भुकटीचा राजा मुद्रेसह शाबूत आहे, तेथेंच धातूच्या राजाचा हात मनगटापाशीं तुटलेला आहे. आम्हीं दोन्ही एकाच दिवशीं पाहिलीं.

ड्रेसडेनची कथा याहून दारुण आहे. तेथें फ्राउएनकिर्खे नांवाचें भव्य प्रार्थनामंदिर आहे. १७६० सालीं प्रशियाच्या तोफांचे गोळे त्याच्या दगडी घुमटावर आदळून परतले होते, म्हणून तो घुमट अभेद्य अशी लोकांची समजूत झाली. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्रीं विमानांनीं शहरावर आग पाडली. सुमारें पंचवीस हजार माणसें मेलीं. घुमट दोन दिवस तग धरून १५ तारखेस कोसळला. ते काळे चिरे अर्धशतक ढिगाऱ्यांत पडून होते. पुढें तेच शक्य तेवढे निवडून, नव्या पिंवळ्या चिऱ्यांत बसवून, २००५ सालीं मंदिर पुन्हा पुरें झालें. चित्रशाळेची इमारतही त्या रात्रीं जळाली. परंतु चित्रें अगोदरच किल्ल्यांत व खाणींच्या बोगद्यांत हलविलेलीं होतीं. युद्ध संपतांच तीं रशियांत गेलीं, आणि १९५५ पासून परत येऊं लागलीं. सगळींच परत आलीं नाहींत. रोझाल्बाच्या दीडशेंहून अधिक चित्रांपैकीं आज सत्तरांच्या आसपास तेथें आहेत. बालराजा त्यांत आहे.

असें असतां ‘भुकटी धातूहून टिकाऊ’ असा सिद्धांत काढणें भोळेपणाचें होईल. निम्म्याहून अधिक चित्रें संग्रहांतून गेलींच. पण जीं राहिलीं तीं कशामुळें राहिलीं, याचा विचार करण्याजोगा आहे. पुतळ्याचें रक्षण सत्ता करते. सत्ता गेली कीं पुतळा निराधार होतो, कारण तो ज्याच्या धाकाचें चिन्ह असतो त्याच्यावरचा राग त्याच्यावर निघतो. पेस्टलचें रक्षण करणारास मात्र रोज जागरूक राहावें लागतें. कोणी कांच पुसली, कोणी पडदे ओढले, कोणी गाडींत पेट्या भरतांना धक्का लागूं दिला नाहीं. असे तीनशें वर्षांत किती अनाम हात लागले असतील! त्यांपैकीं बहुतेकांस पंधराव्या लुईशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. पुष्कळांनीं तर राजा ही संस्थाच जन्मांत पाहिली नव्हती. त्यांनीं सांभाळलें तें एका बाईनें पाहिलेलें एक मूल. त्या राजाला जिवंतपणीं जी माया सातव्या वर्षांनंतर लाभली नाहीं, ती त्याच्या चित्राला परक्या देशांत परक्या लोकांकडून मिळाली.

त्या बाईची अखेर सांगावयाची राहिली. उतारवयांत रोझाल्बाच्या डोळ्यांत मोतीबिंदु झाला. शस्त्रक्रिया करून पाहिली, परंतु ती फळली नाहीं, आणि शेवटचीं वर्षें तिनें पूर्ण अंधत्वांत काढलीं. १७५७ सालीं व्हेनिस येथें ती वारली. तिच्यासोबत रंगांच्या कांड्या वळणारी तिची बहीण जोव्हान्ना हिचा अंत त्याच्या कितीतरी आधींच झाला होता.

वाचकांपैकीं कोणाचें ड्रेसडेनला जाणें झालें, तर मॅडोनाचें दर्शन अवश्य घ्यावें. मात्र तेथून लगेच बाहेर पडूं नये. पेस्टलचें दालन विचारीत जावें. आंत गेल्यावर पहिलीं दोन-तीन मिनिटें कांचेखेरीज फारसें कांहीं दिसणार नाहीं. तेवढें थांबावें. डोळे अंधुक उजेडास सरावले म्हणजे प्रथम पांढरी लेस दिसूं लागते, मग निळा पट्टा, आणि सर्वांच्या शेवटीं तो चेहरा.